साठ मिनिटांत राजवाडा

आम्ही पेण आणि रोह्याच्या काही जणी. आज बोलायचंय कॉम्प्युटरवरच्या जुन्या साहसी खेळांबद्दल. हसू नका, विषय आपलाच आहे.

२००१ नंतर एमएस-सीआयटीचं वारं आलं आणि आपल्या बाजारपेठांत कॉम्प्युटर क्लास निघाले. तिथल्या जुन्या मशिनवर दोन खेळ हमखास असायचे. एक डेव्ह. त्यात चषक मिळाल्याशिवाय दार उघडत नसे. दुसरा प्रिन्स ऑफ पर्शिया, १९८९ सालचा. राजकन्या कैदेत, आणि साठ मिनिटांत तिच्यापर्यंत पोचायचं. जमिनीतून सुळे वर येत, पायाखालची फरशी निसटे. जॉर्डन मेकनर या तरुणाने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राची चाल बेतली. म्हणून तो इतका खरा धावायचा.

राजकन्या मात्र बसून वाट बघायची. एकदाच ती एक उंदीर पाठवते. तो कळ दाबतो आणि बंद दार उघडतं. गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला हात लावणाऱ्या पेणच्या पोरींना तो उंदीर भारी आवडायचा.

पण खेळायला मिळायचं किती? तास संपला की मुलगे मशिनपाशी रेंगाळत. आम्हाला एसटी गाठायची असे, घरी पाण्याची वेळ सांभाळायची असे. बहुतेकींनी राजवाड्याचा शेवट दुसऱ्याच्या खांद्यावरून पाहिला. ‘मुलींना गेममध्ये रस नसतो’ हे वाक्य त्यातूनच पक्कं झालं.

आता ऐका, हे खेळ सुरू कसे झाले. अमेरिकेत विल क्राउदर नावाचे प्रोग्रामर होते, गुहा धुंडाळायचा नाद असलेले. घटस्फोटानंतर लेकींशी जवळीक राहावी म्हणून त्यांनी १९७६च्या सुमारास एक खेळ लिहिला. पडद्यावर चित्र नाही, नुसते शब्द. आपण टाइप करायचं, ‘पूर्वेला जा’, ‘दिवा घे’, की पुढची गुहा उलगडायची. म्हणजे पहिला गाजलेला साहसी खेळ दोन मुलींसाठी लिहिला गेला.

तोच खेळ रोबर्टा विल्यम्स या गृहिणीच्या हाती लागला. पदरात लहान मुलं. तिला त्याचं वेडच लागलं. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून तिने स्वतःची रहस्यकथा रचली. नवऱ्याने प्रोग्राम लिहिला आणि १९८० मध्ये ‘मिस्टरी हाउस’ आला. शब्दांच्या जोडीला चित्रं असलेला हा पहिला साहसी खेळ मानतात. १९८८ मध्ये तिने ‘किंग्ज क्वेस्ट’च्या चौथ्या भागात राजकन्या रोझेलालाच नायिका केलं. आजारी वडिलांना बरं करणारं फळ आणायला ती स्वतः निघते, कुणाची वाट बघत बसत नाही.

रोबर्टाचे खेळ आमच्या क्लासपर्यंत आले नाहीत. आले असते तर बरं झालं असतं, असं आज वाटतं. कारण खेळता खेळता मशिनची भीती जाते. चुकलं तर काय होईल? फार तर पुन्हा पहिल्यापासून. ही सवय बँकेच्या ॲपपुढे, ऑनलाइन अर्जापुढे कामाला येते. ज्यांना ती लागली नाही, त्या आजही बटण दाबण्याआधी मुलाला हाक मारतात.

म्हणून एवढंच सांगणं. सुट्टीत लेकीला, सुनेला तासभर खेळू द्या. तुम्हीही बसा. दर दोन मिनिटांनी पैसे मागणारे खेळ नकोत, डोकं चालवायला लावणारे हवेत. क्राउदरचा तो गुहेचा खेळ आजही खेळता येतो. इंग्रजी सोपं आहे, अडलं तर लेक सांगेल. शेजारी रांगोळीच्या ठिपक्यांचा कागद ठेवा आणि वाटेचा नकाशा काढत जा. जुने खेळाडू असंच करायचे.

आणि कुणी विचारलंच, ‘काय रिकामटेकडेपणा चाललाय?’ तर सांगा, दार शोधतोय.