छापील नियम आणि घरचे नियम

गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो, "हा नियम कुणी केला?" पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेत एका खेळावरून हाच वाद रंगला होता. आज त्याची गोष्ट ऐका.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. कुणी लढवय्या, कुणी जादूगार. काय घडेल हे अडलं की फासे टाकायचे.

नियमांच्या तीन छोट्या पुस्तिका होत्या, पण त्यात बरंच मोघम होतं. मग ज्यानं त्यानं आपल्या परीनं भर घातली. मूळ नियमात जादूगारानं मंत्र वापरला की तो त्या दिवसापुरता संपला. कित्येकांना हे पटेना. त्यांनी मंत्रांना गुण ठरवले, वापरले की वजा करायचे. १९७५ पासून लॉस एंजेलिसच्या ली गोल्ड या बाई एक नियतकालिक काढू लागल्या. खेळणारे आपली पानं पाठवत, बाई ती एकत्र करून सगळ्यांना धाडत. घरचे नियम असे दूरवर पोचले. 'चोर' हे पात्र तर कॅलिफोर्नियातल्या खेळणाऱ्यांनी सुचवलं आणि १९७५ च्या पुरवणीत ते अधिकृत झालं.

पुढं स्पर्धा वाढल्या. परक्या टेबलावर बसलं की प्रश्न यायचा, कुणाचा नियम खरा? १९७७ ते १९७९ या काळात गायगॅक्स यांनी नियमांची जाड पुस्तकं काढली आणि सगळीकडे सारखंच खेळावं असा आग्रह धरला. काहींना ते सोयीचं वाटलं, काहींना जाचक. स्टीव्ह पेरिन यांनी लढाईचे स्वतःचे नियम लिहिले होते. १९७८ मध्ये त्यांचा 'रुनक्वेस्ट' हा वेगळाच खेळ आला.

मैत्रिणींनो, दोन्ही बाजूंत तथ्य आहे. घरच्या टेबलावर घरचा नियम शोभतो, परक्यांत बसायचं तर सारखा नियम लागतो. आपल्याकडंही उशिराचा दंड किती, हे गट ठरवतो, पण बँकेपुढं हिशेबाची वही नीटच लागते. घरचा नियम जरूर करा. मात्र डाव सुरू झाल्यावर एकीच्या सोयीसाठी तो बदलू नका. आधी सगळ्यांसमोर बोला, मग वहीत लिहा. म्हणजे "कुणी केला?" या प्रश्नाला उत्तर मिळेल, "आपण सगळ्यांनी."