रानातली भाजी : ओळख पटली तरच चुलीवर



मृगाचा पाऊस पडला की आपले अजिंठ्याचे डोंगर आठ दिवसांत हिरवे होतात. लेण्यांच्या पायथ्याची वाघूर नदी गढूळ होऊन धावू लागते. बांधावर तरोटा उगवतो. माळावर फोडशी डोके वर काढते. मळ्यातली भाजी अजून यायची असते आणि बाजारातली महाग असते. अशा वेळी रान आपल्याला फुकट भाजी देते. आज आम्ही या रानभाजीविषयी चार गोष्टी सांगणार आहोत. त्यांतली एक जिवाशी गाठ घालणारी आहे. ती नीट ध्यानात ठेवा.

आधी फोडशी ओळखू या. कोणी तिला कुळी म्हणतात, कोणी कुलूची भाजी म्हणतात. तिची पाती लांब, चपटी आणि जमिनीतून झुबक्याने वर आलेली असतात. लांबून पाहिले तर लसणाची किंवा कांद्याची पातच वाटते. पण हातावर चोळली तर तिला लसणाचा वास येत नाही. जमिनीखाली तिला बोटांसारख्या पांढऱ्या मुळ्यांचा झुबका असतो. पुढे तिला सहा पाकळ्यांची पांढरी फुले येतात. फुले आली की पाने जून होतात. म्हणून भाजी फुलांच्या आधी, कोवळी असतानाच काढावी.

आता तिच्यासारखी दिसणारी दुसरी झाडे पाहा. आपल्या रानात रानकांदा होतो. त्यालाच कोळकांदा म्हणतात. उन्हाळ्यात पाने नसताना त्याचा फुलांचा उंच दांडा वर येतो. पावसाळ्यात मात्र नुसती पाती दिसतात, आणि ती फोडशीसारखीच लांब व चपटी असतात. इथेच माणूस फसतो. खणून पाहिले तर खाली मोठा कांदा निघतो. त्याला कांद्यासारखे पापुद्रे असतात, पण कांद्याचा वास नसतो. त्याचा रस अंगाला लागला तर खाज सुटते. तो पोटात गेला तर उलट्या होतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात. असा हा कांदा नावाचाच कांदा. खायचा नव्हे.

दुसरी आहे कळलावी. तिला खड्यानागही म्हणतात. तिची पिवळी-तांबडी फुले जाळासारखी दिसतात. फुले असली की पोरगेही तिला ओळखते. पण पावसाच्या सुरुवातीला फुले कुठली? तेव्हा पानाचे टोक पाहावे. ते तारेसारखे गुंडाळलेले असते आणि त्याने वेल शेजारच्या झुडपाला धरून चढते. तिचा कंद नांगरासारखा वाकडा असतो. म्हणून संस्कृतात तिला लांगली म्हणतात. लांगल म्हणजे नांगर. श्रीलंकेत हा कंद रताळे समजून उकडून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. उकडल्याने किंवा तळल्याने हे विष मरत नाही. बाळंतपणात कळा याव्यात म्हणूनही तिचा कंद कोणी देतात. तसे मुळीच करू नये. त्यात आई आणि मूल दोघांचाही जीव जाऊ शकतो.

तुम्ही म्हणाल, असली फसगत आपल्यासारख्या खेड्यांतच होत असेल. तसे नाही. युरोपातल्या थंड देशांत जंगलात रानलसूण उगवते. तिथले लोक वसंतात तिची पाने आणून भाजी-चटणी करतात. त्याच जंगलात तसल्याच पानांची एक विषारी वनस्पती असते. तिच्यात कळलावीतलेच विष आहे. त्याला कोल्चिसिन म्हणतात. शिकलेसवरलेले लोकही ती पाने चुकून खातात आणि मरतात. पान चोळून वास पाहावा, असे तिथे सांगतात. पण एक पान चोळले की वास बोटांना लागून राहतो. मग दुसऱ्या पानालाही तोच वास येतो. म्हणून नुसत्या वासावर विसंबू नये. एकेक पान डोळ्यांनी पाहावे. आपल्या फोडशीला तर वासच नाही. तेव्हा आपल्याला डोळ्यांचाच आधार.

ओळख शिकायची कशी? पुस्तकातल्या चित्रावरून नव्हे. घरातल्या किंवा शेजारच्या जाणत्या आजीबरोबर रानात जावे. तिने दाखवलेले झाड पान, फूल आणि मूळ अशा तिन्ही अंगांनी पाहावे. पुढच्या वर्षी पुन्हा जावे. शंका आली तर ती जुडी तिथेच टाकावी. एका वेळच्या भाजीसाठी जीव घालवू नये.

एवढे करूनही कोणाचा घसा जळजळू लागला, उलट्या-जुलाब सुरू झाले, तर घरगुती औषधात वेळ घालवू नका. १०८ क्रमांकाला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठा. उरलेला पाला किंवा कंद बरोबर न्या, म्हणजे डॉक्टरांना विष ओळखता येईल.

आता चुलीकडे वळू. फोडशीच्या दोन जुड्या घ्याव्यात. बुडाचा पांढरा भाग मातीने भरलेला असतो, तो कापून टाकावा. मधला जून दांडा काढावा. पाती तीन-चार पाण्यांनी धुऊन बारीक चिरावी. अर्धी वाटी मुगाची डाळ अर्धा तास भिजवावी. दोन पळ्या तेलात लसणाच्या पाच-सहा पाकळ्या ठेचून टाकाव्यात. लसूण तांबूस झाली की एक चिरलेला कांदा आणि तीन हिरव्या मिरच्या परताव्यात. मग डाळ आणि भाजी घालून, मीठ टाकून, झाकण ठेवून मंद जाळावर शिजवावी. डाळ नसेल तर शेवटी थोडे बेसन पेरावे. ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी घ्यावी. जेवण झकास होते.

शेवटच्या दोन गोष्टी. हल्ली मक्याच्या आणि कपाशीच्या बांधावर तणनाशक फवारतात. फवारलेल्या बांधावरचा तरोटा कितीही कोवळा दिसला तरी तोडू नका. शेताच्या मालकाला आधी विचारा.

आणि पाने घ्या, पण मुळ्या राहू द्या. फोडशीच्याच जातीतल्या पांढऱ्या मुसळीच्या मुळ्या औषधासाठी विकल्या जातात. पैशासाठी लोकांनी त्या इतक्या खणल्या की पुष्कळ रानांतून ती नाहीशी होत चालली आहे. कर्टुल्याचेही तसेच. त्याचा कंद जमिनीत राहिला तर वेल दरवर्षी फुटते. कन्नडजवळचे गौताळा रान १९८६ पासून अभयारण्य आहे. तिथे परवानगीवाचून काहीही तोडू नये.

रान हे कोठारासारखे आहे. त्यातून ओळखून घ्यावे, गरजेपुरते घ्यावे आणि बियाणे मागे ठेवावे. म्हणजे तुमच्या नातवंडांच्या ताटातही मृगात फोडशी पडेल.