टॅबलेट, टचस्क्रीन लॅपटॉप की साधा लॅपटॉप? आधी हात कुठे असतो ते बघा

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग थेट खिशाशी संबंधित आहे, त्यामुळे जरा नीट ऐका.

गेले काही दिवस एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. त्यातला करमाळ्याहून आलेला एक व्हॉइस मेसेज मी समोर ठेवतो. मुलगी २० वर्षांची. साखरपुडे, बारशी, वाढदिवस फोनवर शूट करते, फोनवरच एडिट करते. सोबत लग्नपत्रिका आणि दुकानांची पोस्टर्स करून देते. घरचे म्हणालेत, ७० हजारांपर्यंत हप्त्यावर वस्तू घेऊ, पण एकच. दुकानदार म्हणतो टॅबलेट घे. मामेभाऊ म्हणतो टचस्क्रीनचा लॅपटॉप घे, दोन्ही कामं त्यातच होतील. आणि ती विचारते, "दादा, नक्की काय घेऊ?"

पहिली गोष्ट, प्रोसेसरचं भांडण बाजूला ठेवा. २०२० च्या मॅकबुक एअरमध्ये जी एम-१ चिप होती, तीच २०२१ मध्ये आयपॅड प्रोमध्ये आली. म्हणजे ताकद हा प्रश्न राहिलेलाच नाही. प्रश्न असा आहे की दिवसातले सहा-सात तास तुमचा हात काय करत असतो. रेघ ओढत असतो की कापाकापी करत असतो? माझं म्हणणं एवढंच आहे, आणि बाकीचा भाग त्याच्याच पुराव्यासाठी आहे.

आधी एडिटिंग घेऊ. आत्ता ऐकता ऐकता उजवा हात समोर सरळ धरा, लॅपटॉपच्या स्क्रीनला बोट लावल्यासारखा. धरून ठेवा. मिनिटभरात खांदा बोलायला लागतो. याला जुनं नावच आहे, गोरिला आर्म. २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी स्टेजवरून हेच कारण सांगितलं होतं, की उभ्या स्क्रीनवर टच चालत नाही, हात दुखतो. बरं, दुखणं सोडा, बोट जाडही असतं. आपल्या व्हिडिओत सेकंदाला २५ किंवा ३० फ्रेम्स असतात. वधूने मान वर केली त्या नेमक्या फ्रेमवर कट मारायचाय, तर बोटाखाली ती फ्रेमच दिसत नाही.

रोज एडिटिंग करणाऱ्या माणसाचा डावा हात बघा कधी. तो कीबोर्डवरून हलत नाही. जे, के, एल या तीन कळा: जे दाबलं की मागे, के ला थांबा, एल ला पुढे. प्रीमियर घ्या, रिझॉल्व्ह घ्या, फायनल कट घ्या, सगळीकडे हेच. तीन तासांच्या फुटेजमधून सहा मिनिटं काढायची असतात तेव्हा वेग या तीन कळांतून येतो. लॅपटॉपला टचस्क्रीन असली तर तुम्ही तिचा उपयोग काय कराल? टाइमलाइन सरकवाल. पहिले आठ दिवस. नंतर स्क्रीनवरचे बोटांचे डाग पुसाल.

चित्र काढायचं असेल तर मात्र सगळं उलटं होतं.

पेन हातात आलं की टॅबलेटसारखी दुसरी वस्तू नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. मांडीवर ठेवा, तिरकं धरा, तळहात स्क्रीनवर टेकवा, कसंही. दाब दिला तसा फटकारा जाड होतो. डेव्हिड हॉकनी हे मोठे ब्रिटिश चित्रकार. वयाची ८० उलटल्यावर, २०२० च्या लॉकडाउनमध्ये त्यांनी नॉर्मंडीतला वसंत आयपॅडवर रंगवला. शंभरावर चित्रं! पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल अकॅडमीत त्यांचं प्रदर्शन लागलं. प्रोक्रिएट हे अ‍ॅप एकदा पैसे भरले की तुमचं, महिन्याचं भाडं नाही, पण ते आयपॅडवरच चालतं. मात्र कॅनव्हास मोठा केला की त्यात लेयर कमी मिळतात, कारण हिशोब रॅमवर असतो. अँड्रॉइडवाल्यांनी नाराज होऊ नका, क्लिप स्टुडिओ पेंट आणि क्रिता तिकडे आहेत. सॅमसंगच्या टॅब एस मालिकेत तर पेन डब्यातच येतं आणि लिहिण्यासाठी त्याला चार्जिंग लागत नाही. अ‍ॅपल पेन्सिल वेगळी विकत घ्यावी लागते. हप्ता मोजताना लोक नेमकं हेच विसरतात.

मग टॅबलेटवर व्हिडिओ होत नाही का? होतो की! लुमाफ्यूजन कित्येक वर्षं आहे, आता अँड्रॉइडवरही आहे. दा विंची रिझॉल्व्ह डिसेंबर २०२२ मध्ये आयपॅडवर आलं, फायनल कट प्रो मे २०२३ मध्ये. रिझॉल्व्हमध्ये रंग सुधारायचं काम पेनने करायला तर मजा येते. रील्स, छोट्या मुलाखती, प्रवासाचे व्हिडिओ यांना टॅबलेट उत्तम.

घोडं अडतं ते फाइलींपाशी. समजा एखाद्या फोटोग्राफरने त्याच्या कॅमेऱ्याचं कार्ड दिलं आणि रेकॉर्डिंग १०० मेगाबिटचं आहे. आठाने भागा, सेकंदाला साडेबारा एमबी. मिनिटाला ७५० एमबी. तासाला ४५ जीबी! आणि तुमच्या टॅबलेटची जागा १२८ जीबी, त्यात सिस्टिम आणि घरच्यांचे फोटो आधीच बसलेत. दोन तासांचं लग्न आत घेतलं की जागा संपली. बाहेरची एसएसडी जोडू म्हणाल, तर साध्या आयपॅडचं यूएसबी-सी पोर्ट दिसायला नवं, पण वेग जुन्या यूएसबी २ चाच. ४५ जीबी इकडून तिकडे न्यायला कागदावर साडेबारा मिनिटं, प्रत्यक्षात २० मिनिटं धरा. प्रो मॉडेलला हा त्रास नाही, पण प्रो ७० हजारांत नवा मिळत नाही.

अजून एक. फायनल कटमध्ये आयपॅडवरचं प्रोजेक्ट मॅकवर नेता येतं, मॅकवरचं परत आयपॅडवर आणता येत नाही. एकेरी रस्ता. रिझॉल्व्ह याबाबतीत मोकळं आहे, त्याची प्रोजेक्ट्स दोन्हीकडे ये-जा करतात.

आता आपल्या मराठी माणसाचा खास प्रश्न, जो परदेशी रिव्ह्यूत कधीच येत नाही. अक्षरं! पत्रिका छापणारे, फ्लेक्सवाले कशावर काम करतात? विंडोजवर, बहुतेक ठिकाणी कोरलड्रॉवर, आणि मराठी मजकूर पुण्याच्या श्रीलिपीचा. त्या जुन्या पद्धतीच्या फाँटमधला मजकूर युनिकोड नसतो. तो टॅबलेटवर पेस्ट केला तर वाचता न येणारी खिचडी दिसते. युनिकोडचे छान मोफत फाँट आहेत, एक टाइपचे मुक्त आणि बालू घ्या. पण अ‍ॅपला जोडाक्षरं नीट जोडता आली पाहिजेत. फोटोशॉपसारख्या फोटोशॉपमध्येसुद्धा पूर्वी भारतीय लिप्यांसाठी सेटिंग वेगळं निवडावं लागायचं, नाहीतर वेलांट्या भलतीकडे जायच्या. माझी चाचणी एकच: 'दुसऱ्या' आणि 'विद्यार्थी' हे दोन शब्द टाइप करा. 'दुसऱ्या'मधला तो अर्धा, झोपाळ्यासारखा र नीट आला नाही, तर त्या अ‍ॅपमध्ये पत्रिका करू नका. आजोबांच्या नावात चूक झाली तर अख्खी भावकी फोन करते.

राहिला मामेभावाचा टचस्क्रीन लॅपटॉप. यात दोन जाती. एक मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रोसारखा, कीबोर्ड काढता येणारा. दुसरा पूर्ण मागे वळणारा, ज्याला लोक थ्री-सिक्स्टी म्हणतात. वाईट आहेत का? अजिबात नाही. श्रीलिपी चालते, रिझॉल्व्ह चालतं, पेनही चालतं. ज्याला चित्रं काढायचीत आणि ब्लेंडरसारखं जड सॉफ्टवेअरही त्याच मशीनवर हवंय, त्याच्यासाठी हीच वस्तू. आर्किटेक्चरची मुलं घेतात, बरोबर करतात. पण सव्वा-दीड किलोची पाटी हातात धरून किती वेळ काढणार? आणि ७० हजारांच्या थ्री-सिक्स्टीत स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बहुधा नसतं, जे रिझॉल्व्हला सगळ्यात जास्त लागतं. दोन्ही कामं होतात खरी, पण दोन्ही जेमतेम.

तर ताई, तुझ्यासाठी. तुझे पैसे व्हिडिओतून आणि प्रेसला जाणाऱ्या फाइलींतून येतात. म्हणून विंडोजचा टच नसलेला लॅपटॉप बघ. १६ जीबी रॅम, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड, आणि पुढे एसएसडी वाढवता येईल असा. वर एक छोटा पेन टॅबलेट घे, स्क्रीन नसलेला, नुसती काळी पाटी असते तो. वॅकॉमचा लहान किंवा तसाच दुसरा, पाच हजारांच्या आत येतो. नजर स्क्रीनवर आणि हात खाली, याची सवय व्हायला दोनेक आठवडे जातात. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती तुला भरपूर पुरेल, ४के पर्यंत एक्स्पोर्ट देते आणि वॉटरमार्क टाकत नाही.

चित्रांवर कमाई असती तर मी दुकानदाराच्या बाजूने बोललो असतो. आणि ज्यांच्या घरी आधीच बरा कॉम्प्युटर आहे, त्यांनी दुसरी वस्तू म्हणून खुशाल टॅबलेट घ्यावा.

दुकानात जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. पेन ड्राइव्हवर स्वतःच्या शूटिंगच्या चार-पाच ४के क्लिप न्या आणि डेमो मशीनवर चालवून बघा. दुकानदाराच्या त्या समुद्रातल्या माशांच्या व्हिडिओवर जाऊ नका, तो सगळीकडे छानच दिसतो. पेनवालं काही बघत असाल तर पट्टी न लावता एक तिरकी रेघ ओढा, अगदी हळू. रेघ नागमोडी आली तर ती वस्तू चित्रासाठी नाही, मग डब्यावर काहीही लिहिलेलं असो. आणि बिल करण्याआधी विचारा, पेन, कीबोर्ड आणि चार्जर यातलं डब्यात काय काय आहे.

पुढच्या भागात आवाजाकडे वळू, फोनला लावायचे कॉलर माइक. तोवर प्रश्न पाठवत राहा, व्हॉइस मेसेज असला तर जास्त छान.