बाळाला न्हाऊ घालणारे हात
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



तान्ह्या बाळाला तेल लावणे व न्हाऊ घालणे या विषयावर एका पुरुषाने व्यासपीठावरून बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आम्ही पडलो शाळामास्तर. वैद्यकाचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु जे काम घरोघरी रोज चालते आणि ज्यात बाळाचा जीव गुंतलेला असतो, त्याकडे कर्त्या पुरुषांनी पाठ फिरवून बसावे, हे आम्हांस उचित वाटत नाही.

बारामती-इंदापूरकडील आपल्या घरांतून ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. पाणी तापवावे, तेल कोमट करावे. न्हाऊ घालणाऱ्या बाईने पाटावर बसून पाय लांब पसरावेत, बाळाला नडग्यांवर घेऊन त्याची छाती, पोट, पाठ व हातपाय चोळावेत. मग ऊन पाणी घालावे आणि दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाने गाढ झोपी जावे! ही चाल कालपरवाची नव्हे. प्रसूतीच्या क्लेशाने शिणलेल्या नवजात बालकाला बलातैलाचे सिंचन करावे, असे वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सांगितले आहे.

आपल्याला घरचे म्हणून जे साधे वाटले, त्याचा बाहेरच्या जगाने आदराने अभ्यास केला. फ्रेडरिक लेबॉये या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञाने कलकत्त्यात शांतला नावाच्या एका मातेला आपल्या मुलाचे अंग चोळताना पाहिले आणि १९७६ साली तिच्याच नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे १९८६ साली अमेरिकेतील टिफनी फील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपला प्रयोग प्रसिद्ध केला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे अंग दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी १५ मिनिटे, असे १० दिवस चोळून त्यांचे हातपाय हालविण्यात आले. इतर बाळांच्या मानाने त्यांचे वजन रोज ४७ टक्क्यांनी अधिक वाढले. अर्थात ते काम रुग्णालयात, जाणत्यांच्या देखरेखीखाली झाले होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ साली म्हटले, की पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाच्या सर्वांगास हळुवार मालीश करण्यास हरकत नाही, त्याने वाढीस लाभ संभवतो. मात्र जन्मानंतरची पहिली आंघोळ किमान २४ तास लांबवावी.

यातील 'हळुवार' हा शब्दच सर्व विषयाचे मर्म होय. स्पर्शात गुण आहे, जोरात नाही. तथापि आपल्याकडे बाळ जितके आक्रंदेल तितके अंग मोकळे झाले, अशी एक समजूत रूढ आहे. ती सोडलीच पाहिजे. डोके गोल व्हावे म्हणून दाबणे, नाक सरळ व्हावे म्हणून ओढणे, हे सर्व व्यर्थ. जन्मताना लांबट झालेले डोके बहुधा आपोआप सुधारते, आणि नाकाची ठेवण चिमटीने बदलत नाही. टाळू दाबू नये. आईच्या शरीरातील रसांच्या प्रभावाने नवजात बाळाची छाती कधी सुजते; ती पिळल्यास गळू होण्याचे भय असते. नाकात तेल सोडले तर ते फुप्फुसात उतरू शकते. कानातही तेल घालू नये. बाळाला पायांनी धरून उलटे लोंबकळवू नये, आणि न्हाण्यानंतर कोंदट खोलीत धुरी देऊ नये. बाळ अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे अथवा आजारी असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून तेलाला हात लावू नये.

मग हे सर्व अडाणी सुईणीचे दोष म्हणून तिला उंबऱ्याबाहेर काढावे काय? आमचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. हे काम करणाऱ्या स्त्रिया बहुधा ज्यांना समाजाने हलके लेखले, अशा जातींतून आल्या. ज्या हातांत आपण घराण्याचा अंकुर निर्धास्तपणे ठेवला, त्याच हातांना पाण्याच्या माठाला शिवू दिले नाही, अशी घरे थोडी नव्हती! चोळीखण आणि पायलीभर धान्य यांवर त्यांची बोळवण झाली. ज्यांना कोणी काही शिकविले नाही, त्यांच्या अज्ञानाला हसण्याचा अधिकार आपल्याला कोठून येणार?

शिकविले तर काय घडते, हे गडचिरोलीने दाखविले आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी तेथे गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची निगा राखण्यास शिकविले. तेथील नवजातांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले, आणि १९९९ साली ते कार्य 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आज रुग्णालयात प्रसूती झालेल्या बाळाला पाहण्यासाठी आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. त्या वेळी न्हाऊ घालणाऱ्या बाईलाही सन्मानाने बोलावून शेजारी बसवावे. दोघींच्या बोलण्यातून जे निष्पन्न होईल, ते बाळाच्या हिताचेच असेल.

आणखी एक गोष्ट. दरवर्षी गळिताच्या हंगामात माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील कारखान्यांच्या उसासाठी मराठवाड्यातून तोडकरी कुटुंबे येतात. पहाटेच्या थंडीत आई फडात असते, आणि तिचे तान्हे बांधावरच्या झोळीत. त्याला कोण तेल लावणार? आपल्यापैकी पुष्कळांचा ऊस तीच माउली तोडते. तिला बादलीभर ऊन पाणी, वाटीभर तेल आणि अर्ध्या तासाची सवड देणे, हे उपकार नव्हेत, तर आपले कर्तव्य आहे.

मंडळाच्या सभासद कुटुंबांस आमची तीन मागणी आहेत. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईला योग्य मोबदला व घरच्यासारखा मान द्यावा. तिने हात धुऊन, नखे काढून, बांगड्या-अंगठ्या उतरवून कामास बसावे, हे प्रेमाने सांगावे. आणि बाळाच्या आईने, तसेच बापानेही, हे काम स्वतः शिकून घ्यावे. कारण ज्या हाताने बाळाला चोळले, त्या हाताची ओळख बाळाला सर्वांत आधी पटते.