पत्त्याचा बाजार

पूर्वी खेड्यात एखाद्याचं घर शोधायचं तर पारावर बसलेल्या मंडळींना विचारावं लागे. ती मंडळी आधी विचारणाऱ्यालाच विचारीत, "पाव्हणं, कोण गावचं? काम काय काढलंत?" पत्ता मिळे, पण त्याआधी पाहुण्याची चौकशी होई.

अमेरिकेत आज हा पार आंतरजालावर आहे, आणि तो उलट प्रश्न फारसा विचारीत नाही. तेथे माहितीच्या दलालांचा, म्हणजे डेटा ब्रोकरांचा, रीतसर धंदा चालतो. घरखरेदीची दफ्तरं, न्यायालयांचे कागद, दुकानांची सवलत-कार्डं, मोबाइलवरची ॲप यांतून कण कण वेचून ते माणसाची चोपडी बांधतात. नाव, वय, जुने-नवे पत्ते, फोन, नातेवाईक, सारं तिच्यात असतं. थोडे डॉलर टाकले की ती कुणालाही मिळते.

मग त्यात बिघडलं काय, असं आपण म्हणाल. जुलै २०२० मध्ये न्यू जर्सीतील न्यायाधीश एस्थर सालास यांच्या घराची घंटा वाजली. पार्सलवाल्याच्या वेषात दारी आलेला माणूस वकील होता; त्याचा एक खटला त्यांच्यापुढे चालला होता. त्याच्या गोळ्यांनी त्यांचा वीस वर्षांचा एकुलता एक मुलगा डॅनियल गेला; पती जबर जखमी झाले. मारेकऱ्याने या कुटुंबाची माहिती आधीच गोळा केली होती. न्यायाधीशांचे पत्ते सहज सापडतात, माणसांची खासगी माहिती विकतही मिळते, हे सालासबाईंनी पुढे जाहीरपणे सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यू जर्सीने डॅनियलच्या नावाने कायदा केला. न्यायाधीश, पोलीस अशांना आपला पत्ता काढून टाकायला लावण्याचा हक्क त्याने मिळाला.

सामान्य माणसाने काय करावं? आपलं नाव आणि गाव घालून स्वतःच शोध घ्यावा. जिथे नाव सापडेल त्या प्रत्येक दलालाकडे 'माझी नोंद काढा' असा अर्ज करावा. अर्जासाठी वेगळा ई-मेल ठेवावा, आणि लागेल त्याहून अक्षरही जास्त देऊ नये. आलेलं उत्तर जपून ठेवावं. तीन-चार महिन्यांनी पुन्हा पाहावं. कारण ही हरळी आहे, एकदा उपटून संपत नाही.

कॅलिफोर्नियाने ही दारोदार वणवण कमी केली आहे. १ जानेवारी २०२६ पासून तेथील रहिवाशाला एकच विनामूल्य अर्ज नोंदणीकृत अशा सर्व दलालांसाठी करता येतो. १ ऑगस्ट २०२६ पासून दलालांनी दर ४५ दिवसांनी ती यादी पाहून नोंदी पुसाव्यात, असं कायदा सांगतो. सरकारी दफ्तरातली मूळ नोंद मात्र त्याने जात नाही.

आपल्यापैकी कित्येकांची मुलं-नातवंडं न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात आहेत. येत्या रविवारी फोनवर "जेवलास का?" असं विचाराल, तेव्हा आणखी एक विचारा: "बाळा, तुझा पत्ता किती जणांकडे आहे, ते एकदा पाहिलंस का?"