मोठडोक्या मुंगीचे नाव



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला कामगार कायद्यांवर बोलावयास सांगितले होते. मी मुंगीवर बोलतो म्हणालो, तेव्हा त्यांना वाटले की मुंगीची उपमा देऊन हा गृहस्थ शेवटी संघटनेवरच येणार. तसे होणार नाही. ‘कामकरी’ आणि ‘सैनिक’ ही नावे मुंग्यांना माणसांनी दिली आहेत. वारुळात ना मालक असतो, ना मस्टर. मुंगीकडून एकजूट शिका, हा उपदेश तीस वर्षे सभांतून ऐकून मी कंटाळलो आहे. एका बारीकशा आफ्रिकन मुंगीला ओळखावे कसे आणि तिचे नाव पक्के होण्यास दोनशे वीस वर्षे का लागली, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

माझे शालेय शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे सार्वजनिक वाचनालयात झाले. युनियन कचेरीच्या भिंतीतून रोज एक रांग निघते. तिच्यात बारीक मुंग्यांबरोबर मधूनच एखादी भलत्याच मोठ्या डोक्याची मुंगी चालताना दिसे. मला वाटले, दोन वेगळ्या जाती असाव्यात. (येथे ‘जाती’ हा शब्द प्राणिशास्त्राचा आहे; आपल्याकडच्या जातीशी त्याचा काही संबंध नाही, आणि ते बरेच आहे.) भिंग विकत घेतले, पुस्तके चाळली, तेव्हा कळले की या दोघी सख्ख्या बहिणी आहेत. बहिणीच म्हणावयाचे. आपण मुंगळ्याला पुल्लिंगी करून टाकले आहे, पण कामकरी काय आणि सैनिक काय, सगळ्या माद्याच. या वंशात तर त्यांना अंडाशयही नसतो.

या वंशाचे नाव फायडोल. त्यात हजाराहून अधिक जाती आहेत. एडवर्ड विल्सन यांनी 2003 साली एकट्या अमेरिका खंडांतल्या 624 जातींचा ग्रंथ लिहिला, त्यांतल्या तीनशेहून अधिक अगदी नव्या होत्या. वंश ओळखणे तितकेसे अवघड नाही. कमरेला दोन गाठी असतात, शृंगिकेला बारा पेरे असून शेवटची तीन फुगून गदेसारखी झालेली असतात, आणि घरट्यात लहानडोकी व मोठडोकी अशा दोन तऱ्हा असतात. जाती ओळखताना मात्र घाम फुटतो. आपली आफ्रिकन मुंगी म्हणजे फायडोल मेगासेफाला. लहान कामकरी सुमारे दोन मिलिमीटर, सैनिक तिच्या जवळजवळ दुप्पट. सैनिकेचे डोके बदामाच्या आकाराचे असते. त्याचा पुढचा भाग रेघांचा आणि मागचा गुळगुळीत, चकचकीत असतो. आणि खरी खूण कमरेच्या दुसऱ्या गाठीची. ती खालच्या अंगाला फुगलेली असते. ही गाठ बाजूने पाहावी लागते. रंगावर तर अजिबात जाऊ नये. पिवळट तपकिरीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत सगळे रंग एकाच जातीत सापडतात.

हिला नाव दिले लिनियसचे शिष्य फाब्रिसियस यांनी, 1793 साली, मोरिशसहून आलेल्या नमुन्यावरून. मेगासेफाला म्हणजे मोठ्या डोक्याची. पण ही मुंगी कुंड्यांतून, लाकडातून, जहाजांच्या मालातून जगभर हिंडणारी. जेथे पोचली तेथे कोणीतरी तिला नवी समजून नवे नाव ठेवले. 1852 साली मदैरा बेटावर हेर यांनी तिला ‘पुसिला’, म्हणजे चिमुकली म्हटले. 1859 साली मोझांबिकच्या मुंगीला गेर्स्टेकर यांनी ‘घातकी’ अशा अर्थाचे नाव दिले. पुढे फोरेल आणि सान्ची या स्विस पंडितांनी आफ्रिकेतल्या मुंग्यांच्या पोटजाती आणि पोटजातींचेही प्रकार पाडले. हे सान्ची पेशाने डॉक्टर, ट्युनिशियातल्या कैरुआन गावी दवाखाना चालवीत आणि उरलेल्या वेळात मुंग्यांची नावे ठेवीत. अशा माणसाविषयी मला जिव्हाळा वाटतो; पण त्यांनी ठेवलेली सगळी नावे टिकली नाहीत, हेही खरे.

मग यांतले खरे नाव कोणते? शास्त्राचा नियम सीनियॉरिटीचा आहे. जे आधी छापले ते खरे. नियम सोपा, परंतु सगळी नावे एकाच मुंगीची आहेत हे आधी सिद्ध व्हावयास हवे. मला येथे एक सफाई कामगार बाई आठवतात. कंत्राटदार तीनदा बदलले आणि प्रत्येकाने त्यांचे नाव वेगळे लिहिले. एकदा माहेरचे, एकदा सासरचे, एकदा नुसतेच चुकीचे. निवृत्तीनंतर फंड मागावयास गेल्या, तर या तीन निराळ्या बायका आहेत असे उत्तर मिळाले. तिन्ही नावांची मालकीण समोर उभी होती, तरी सिद्ध करण्यास आम्हांला दोन वर्षे लागली.

मुंगीच्या बाबतीत तर मालकीणच हरवली होती. ज्या नमुन्यावर नाव ठेवतात तो जपून ठेवावा लागतो आणि पुढचे सगळे वाद त्याच्याशी ताडून मिटवतात. फाब्रिसियसचा नमुना हाती नव्हता. म्हणजे जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आगंतुकांच्या यादीत जिचे नाव गेले, त्या मुंगीच्या नावाखाली दाखविण्यास वस्तूच नव्हती! शेवटी 2013 साली गेओर्ग फिशर आणि ब्रायन फिशर यांनी नैर्ऋत्य हिंदी महासागरातील बेटांवरच्या फायडोलांची फेरतपासणी केली आणि मोरिशसचीच एक मुंगी नवा प्रमाण-नमुना म्हणून ठरविली.

या वंशाच्या नावाशी आपल्या पुण्याचे नातेही आहे. 1829च्या जूनमध्ये कर्नल साइक्स यांना परेड ग्राउंडजवळ गवताच्या बियांचे लहान लहान ढीग दिसले. पहिल्या पावसात भिजलेले धान्य मुंग्यांनी उन्हात वाळत घातले होते, जसे आपल्या घरी घालतात तसेच. 1835 साली त्यांनी त्या मुंगीला ‘दूरदर्शी’ अशा अर्थाचे नाव दिले, आणि 1839 साली वेस्टवुड यांनी तिच्यावरूनच फायडोल, म्हणजे काटकसरी, हा वंश स्थापन केला.

आता कोणी विचारील, एवढा खटाटोप कशासाठी? केनियातील लायकिपिया भागाचे उदाहरण पाहा. जमीन आपल्यासारखीच काळी, कापसाची. तीवर एक बाभूळ वाढते. तिच्या फुगीर, पोकळ काट्यांत स्थानिक मुंग्या राहतात आणि हत्तीने फांदी धरली की त्याच्या सोंडेला चावतात. या शतकाच्या आरंभी तेथे मोठडोकी मुंगी शिरली. तिचे मूळ घर आफ्रिकेची मुख्य भूमी की मोरिशसकडची बेटे, यावर मतभेद आहेत. पण लायकिपियात ती उपरीच. तिने रक्षक मुंग्या मारल्या, आणि हत्ती पाच ते सात पट अधिक झाडे मोडू लागले. आडोसा गेल्यामुळे सिंहांना झेब्रे पकडणे जड झाले. 2024 साली डग्लस कामारू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, सिंहांच्या शिकारीतील झेब्र्यांचे प्रमाण 2003 ते 2020 या काळात 67 टक्क्यांवरून 42 टक्क्यांवर आले आणि रानरेड्यांचे शून्यावरून 42 वर गेले. सिंह कमी झाले नाहीत, त्यांनी शिकार बदलली. परंतु दोन मिलिमीटरची मुंगी बाभळीच्या बुंध्याशी पाहून ‘ही ती नव्हे, ही दुसरी’ असे कोणी म्हणू शकले नसते, तर या साखळीची पहिली कडीच हाती लागली नसती.

माझ्या कचेरीतल्या रांगेचे म्हणाल, तर वंश मी ओळखला, जाती अजून ओळखता आलेली नाही. दोन्ही तऱ्हा एका बाटलीत घालून आणल्या आहेत. भिंग टेबलावर आहे. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी सभेनंतर पुढे यावे. आधी डोके पाहावे, मग बाटली आडवी करून कमरेची दुसरी गाठ पाहावी. बूच मात्र कोणी काढू नये.