मैफलीच्या फिती आणि देवाणघेवाणीची रीत



भास्करबुवा बखले १९२२ साली निवर्तले. त्यांच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका मागे राहिली नाही. राहिल्या त्या आठवणी. पुष्कळ गवयांचे गाणे तबकड्यांवर आले खरे, पण ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. तासभर फुललेला यमन आज ऐकावयास मिळतो तो, आकाशवाणीचा संग्रह सोडला तर, बहुतांशी कुणा हौशी माणसाने बैठकीत ध्वनिमुद्रणयंत्र नेऊन ठेवले म्हणून. अशा फिती जमविणारे लोक गावोगाव आहेत आणि त्यांच्यात प्रतींची देवाणघेवाण चालते. तिच्या रीतीविषयी बोलावयाचे, तर आधी माझा स्वतःचा अपराध सांगितला पाहिजे.

पुष्कळ वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या एका गावातील वृद्ध गृहस्थांनी मला एका घरगुती बैठकीची प्रत दिली. “तुमच्यापुरती ठेवा हो,” एवढेच म्हणाले. मी मान डोलाविली आणि महिन्याभरात एका स्नेह्याला तिची प्रत करून दिली. त्याने आणखी दोघांना दिली. वर्षअखेरीस तीच मैफल एका दुकानात कॅसेटच्या रूपाने विकावयास ठेवलेली त्या गृहस्थांनी पाहिली. “बाहेर जाणार नाही,” असा शब्द बुवांना देऊन त्यांनी ती फीत घेतली होती. मला ते काही बोलले नाहीत. त्यांनी आपले कपाट बंद केले. माझ्यापुरते नव्हे, सर्वांसाठीच.

तेव्हा प्रत मागताना दोन गोष्टी विचाराव्या: गाणाऱ्याची संमती होती काय, आणि मी ही पुढे देऊ शकतो काय? उत्तर ‘नाही’ आले तर ते जिवलग मित्रालाही लागू आहे, हे धरून चालावे. केवळ शिष्टाचाराचीच ही गोष्ट नव्हे. १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजविणाऱ्याचा हक्क आला आणि १९९९ साली त्याची मुदत ५० वर्षांची झाली. पैशांबद्दल बोलावयास नकोच. कोरी फीत आणि टपालखर्च, ह्यापलीकडे काही मागू नये.

दुसरी बाब प्रामाणिकपणाची. कॅसेटवरून कॅसेट केली की दर पिढीस खरखर वाढते. म्हणून आपली प्रत कितवी, कशावरून केली, हे न लपविता सांगावे. आज संगणकावर प्रती होतात, तेथेही आकार लहान करताना आवाजाचा काही अंश गळतो. तो गळलेला असला तर तसे कळवावे. वेगाचे तर फारच जपावे. फीत शेकडा सहाने जलद फिरली की स्वर अर्ध्या पट्टीने चढतो. काळी दोनमध्ये गाणारा गवई पांढरी तीनमध्ये ऐकू येतो, लय वाढते, आणि उद्या एखादा विद्यार्थी म्हणतो, बुवांचा आवाज किती पातळ हो!

चिठ्ठीवर स्थळ, तारीख आणि राग ह्यांबरोबर तबलजीचे व पेटीवाल्याचे नावही लिहावे. ठाऊक नसेल तर जागा कोरी सोडावी. अंदाजाने भरलेले नाव दहा हातांतून गेले की खरे ठरते. बैठकीत पान जमविताना एका गवयाने दुसऱ्याविषयी काढलेले उद्गार मात्र पुढे पाठवू नयेत. आपल्याकडे अशा उद्गारांना गाण्यापेक्षा अधिक गिऱ्हाईक असते, हे मला माहीत आहे!

नवशिक्याजवळ द्यावयास काही नसते. त्याने फिती पुसून द्याव्यात, याद्या कराव्यात. आणि जुन्यांनीही एकास एक असा वाण्याचा हिशेब धरू नये.

त्या गृहस्थांच्या पश्चात मुलाने कपाट उघडले आणि मला बोलाविले. दमट हवेने फितींवर बुरशी चढली होती, थर एकमेकांस चिकटले होते. पुष्कळ खटपटीनंतर चार फिती वाजल्या. त्यांतल्या एकीवर तंबोरे जुळत असताना त्यांचा स्वतःचाच आवाज आहे; ते तारीख, गाव आणि साथीदारांची नावे सांगत आहेत. बाकीच्या डब्यांवर त्यांच्या हातच्या चिठ्ठ्या तेवढ्या शाबूत आहेत.